दोन पेले माती

आमच्या पेडण्याच्या घरात चवथीला गणपतीची आरती झाली की पहिली फुगडी घरच्या दोन सुनांनी घालायची, असा रिवाज आहे. थोरली सून आणि धाकटी सून. थोरली मी, धाकटी माझी जाऊ. ती फुगडी संपेपर्यंत शेजारपाजारच्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि मग रिंगणात उतरतात. सासूबाई होत्या तेव्हापासून असंच चालत आलं आहे. मी लग्न होऊन डिचोलीकडच्या आमच्या खेड्यात राहिले, शाळेच्या कचेरीत नोकरी केली. जाऊ पेडण्याच्या मूळ घरात राहिली. वर्षभर आम्ही दोघी आपापल्या तालुक्यात असायचो. पण चवथीला त्या चौकोनी खोलीत, गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांखाली, हातांची कात्री करून, पायाला पाय लावून आम्ही मागे झुकलो की वर्षाचा हिशेब पुरा व्हायचा. एकमेकींवर भार टाकल्याशिवाय फुगडी होत नाही. माझा भार तिने आणि तिचा मी पंचवीसहून जास्त वर्षं पेलला होता.

त्या वर्षी उभी फुगडी छान झाली. शेवट आम्ही नेहमी उकिडवं बसून करायचो, बसल्या बसल्या पाय पुढे टाकत. तिसऱ्या-चौथ्या उडीला माझ्या उजव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं आणि मी बाजूला कलंडले. फार लागलं नाही, पण उठता येईना. दोघीतिघींनी धरून मला भिंतीकडच्या बांकावर बसवलं. कोणी पाणी आणलं, कोणी बाम.

जाऊ माझ्याजवळ वाकली. म्हणाली, "वयनी, दुकता काय गो? बस तू हय. आता उठा नको."

मला वाटलं, ती माझ्याजवळ बसेल. ती बसली नाही. बायका खोळंबल्या होत्या. तिने वळून हात पुढे केला आणि म्हणाली, "ये गो, तू ये."

जी आली ती आमच्या चुलत घराण्यातली नवी सून. वेंगुर्ल्याची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंगाने सडपातळ, पदर खोचलेला, पायात जोडवी लखलखत होती. तिने माझ्या जावेचे हात धरले आणि दोघी अशा फिरल्या की माटोळीतली सुपारी हलली. बायका ओरडायला लागल्या. "अगे बाये! बगा गो, बगा!" आमच्या फुगडीला असं कोणी ओरडल्याचं मला आठवत नव्हतं.

मी बामची बाटली हातात घेऊन बांकावर बसले होते. गुडघा दुखत होता, पण त्या वेळी जे दुखत होतं ते गुडघ्यात नव्हतं. माझी जागा अजून गरम होती आणि तिथे दुसरी कोणी उभी होती. शिवाय जाऊ हसत होती. तेही नेहमीचं पाहुण्यांसमोरचं हसू नव्हतं, मान मागे टाकून हसत होती.

त्या दिवसापासून माझ्यासमोर एकच काम होतं: पुढच्या चवथीला पहिली फुगडी मी घालायची. बाकी कामांची यादी माझ्या फ्रिजच्या दारावर नेहमीच असते, गॅस, लाइटबिल, नवऱ्याच्या गोळ्या, शाळेचं काय काय. हे काम मी यादीत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर नवऱ्याने वाचून थट्टा केली असती.

दिवाळीपर्यंत मी तेलं लावली. मग गरम पाण्याची पिशवी, मग गुडघ्याचा पट्टा. जिना उतरताना कठडा धरायला लागले. शाळेत वरच्या मजल्यावरची फाइल शिपायाकडून मागवायला लागले. आणि अशात एक दिवस जावेचा फोन आला.

"वयनी, माजोय दावो गुडघो दुकाक लागलो गो. पाहुण्यांच्या खोल्यांचो जिनो चढान चढान."

पेडण्याच्या घराच्या माडीवर तिने हरमलला येणाऱ्या पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. चादरी, बादल्या, सकाळी पोळी आणि चहा, सगळं तीच वर नेत होती. तिला दुखणं साहजिक होतं. मी सहानुभूतीचं जे बोलायचं ते बोलले. पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं ते असं: निदान दुखणं तरी माझं एकटीचं राहू द्यायचं होतं.

शिमगा होऊन दीडेक महिना झाल्यावर आम्ही दोघी म्हापशाला एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो. ते ठिकाण दोघींनाही सोयीचं. मी बसने गेले, जाऊ स्कूटरवरून आली. दुखऱ्या गुडघ्याने स्कूटर चालवत, केसांत अबोलीचा वळेसर माळून. मी वेळेआधी पोहोचून आत नंबर लावला होता. ती आली आणि बाईंच्या मदतनीस मुलीने तिला आधी हाक मारली, कारण जाऊ तिच्याशी दारातच बोलायला लागली होती. दोघींची गावं जवळची निघाली म्हणे.

बाई तरुण होत्या, पण बोलणं सरळ. दोघींचे गुडघे वाकवून, दाबून बघितले. म्हणाल्या, "झीज थोडी आहे. वयाप्रमाणे. पण खरी गोष्ट अशी की मांड्या कमजोर झाल्या आहेत. मांडीने जो भार उचलायचा तो ती उचलत नाही, मग तो गुडघ्यावर येतो. गुडघा दुखतो म्हणून पाय जपून ठेवलात तर मांडी आणखी कमजोर होईल. तेव्हा मांडी घट्ट करायची. आणि मांडी घालायची नाही."

जाऊ म्हणाली, "म्हणजे खंयची करूची आणि खंयची नाय, ता एकदा नीट सांगा. नायतर मी घट्ट मांडी घालून बसतलंय."

बाई हसल्या. मी हसले नाही, कारण मी लिहून घेत होते. जमिनीवर मांडी घालून बसणं बंद, उकिडवं बसणं कायमचं बंद, आणि मांडीचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम रोज. इतकं साधं होतं. पण जाऊ बोलली की खोली तिची होते.

मी विचारलं, "आणि फुगडी?"

"उकिडवी नाही. उभी चालेल, पाय तयार झाले तर. घाई करायची नाही."

मी जावेकडे बघितलं नाही. ती आपल्या चपलेचा पट्टा नीट करत होती.

व्यायाम असे होते. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली गुंडाळलेला तुवालो ठेवायचा आणि गुडघ्याने तो खाली दाबायचा. मांडी दगडासारखी झाली पाहिजे. थोडं धरायचं, सोडायचं. मग उताणं झोपून एक पाय वाकवून, दुसरा सरळ ठेवून वितभर वर उचलायचा. मग कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून पाय हळूहळू समोर सरळ करायचा आणि तसाच हळूहळू खाली आणायचा. बाई म्हणाल्या, खाली आणताना जास्त हळू, तिथेच काम होतं. मग जनेलाची, खिडकीची, चौकट धरून टाचा उचलायच्या. मग भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली सरकायचं, बसायचं नाही. पंधरवडा झाला की पायऱ्या चढण्याचा व्यायाम, आणि महिन्याने घोट्याला हलकी वजनाची पिशवी. काम केल्यासारखं दुखलं तर चालेल, पण सांधा सुजला किंवा रात्री ठणकला तर थांबून फोन करायचा. हे शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं. त्याचा पुढे काय उपयोग केला ते येईलच.

मी पहाटे उठून पहिला चहा व्हायच्या आधी व्यायाम करायला लागले. सतरंजी, तुवालो आणि घड्याळ आदल्या दिवशीच काढून ठेवायचे. शाळेतून आल्यावर पुन्हा. नवरा दारातून बघायचा.

"एवढा पाय वर करतेस, माझ्यावर राग नाही ना?"

"माझं मोजणं चुकवू नका."

"टिपरचा जॅक सुद्धा एवढा नेमाने चालत नव्हता."

नवऱ्याचा खनिजवाहतुकीचा टिपर होता. खाणी बंद झाल्या, मग टिपर विकला. विकायच्या आदल्या दिवशी त्यांनी ट्रे धुतला आणि तळाला चिकटून राहिलेली माती परसात पेरूच्या झाडामागे उतरवून ठेवली. का ठेवली, ते मी विचारलं नाही. लहानसा ढीग होता, पावसाने थोडा बसलेला. मी परसाची साफसफाई काढली की तेवढा कोपरा वगळते.

जावेचा व्यायाम कसा चालला होता ते मला फोनवर कळायचं. "वयनी, आज दुपारी केलंय, माशे सुकत घालता घालता." "आज विसारलंय गो, पाहुणे इले." "काल कदेलीर बसान भाजी चिरताना एक पाय वर, एक पाय वर, पोरगी म्हणता आई तुका काय झाला?" वेळ नाही, क्रम नाही. तुवाल्याऐवजी एकदा नारळ ठेवून बघितला म्हणाली. मी तिला नीट कसं करायचं ते सांगितलं. तिने ऐकलं. आणि पुढच्या आठवड्यात म्हणाली, "वयनी, माका बरा वाटता."

मला नव्हतं बरं वाटत. म्हणजे थोडं वाटत होतं. तेवढ्यावर मी खूश होते, तिने "बरा वाटता" म्हणेपर्यंत.

महिन्याने पिशव्यांची वेळ आली. त्या जावेनेच शिवल्या. सासूबाईंच्या एका जुन्या हिरव्या लुगड्याच्या, दोघींना सारख्या, बांधायला बंद लावलेल्या. माझी पिशवी तिने बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली आणि फोन केला.

"आपल्या चायेच्या पेल्यान दोन पेले भर. मी ताजव्यात घालून बगलंय, बाई म्हणाल्या तितकाच भरता. पंधरा दिसांनी आणि एक पेलो वाढय."

"कशाने भरू?"

"रेव भर. नायतर माती."

चहाचे पेले दोन्ही घरांत एकाच संचातले आहेत, सासूबाईंनी वाटून दिलेले. तेव्हा माप सारखं. माझ्या स्वयंपाकघरात वजनकाटा आहे, पण माप मिळाल्यावर परत वजन करणं मला वेळ घालवणं वाटलं. रेव, म्हणजे समुद्राची वाळू, आमच्याकडे कुठे मिळणार? मी नवऱ्याला म्हटलं, "दोन पेले माती आणून द्या, स्वच्छ, खडे काढून."

त्यांनी आणून दिली. बारीक, लालसर काळी, चाळलेली. मी पिशवीत ओतली आणि तोंड शिवून टाकलं. चांगलं काम झालं म्हणून त्यांना शाबासकीही दिली.

पहिल्या दिवशी पाय उचलला तेव्हा वाटलं, बाई, किती दिवस आपण पायाला आराम दिला होता! मांडी थरथरत होती. दात आवळून केलं. जावेला विचारलं, "जड लागतं का गो?" ती म्हणाली, "छे गो, कापूस कसो." कापूस! मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी आहे हे खरं, पण चार वर्षांत मांडीचा एवढा फरक पडतो?

मी सायंकाळचा व्यायाम वाढवला.

पाऊस लागला. पंधरा दिवसांनी एक पेला वाढवला, आणखी पंधरा दिवसांनी आणखी एक. नवरा दर वेळी परसातून भरून द्यायचा, मी शिवण उसवून पुन्हा घालायची. गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला, पुरीसारखं फुगायला लागलं. मी गरम पाण्याने शेकलं आणि चालू ठेवलं. म्हापशाच्या बाईंना फोन केला नाही. अधोरेखित वाक्य माझ्या वहीत होतं, पण जाऊ तीच पिशवी, तेवढेच पेले उचलत होती आणि तिला काही होत नव्हतं. मी फोन करून काय सांगणार होते? धाकटीला जमतं ते मला जमत नाही?

तिच्या बातम्या येतच होत्या. जिना कठडा न धरता चढली. देवळात पायऱ्या उतरताना गुडघा बोलला नाही. एक दिवस तिच्या पोरीने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. पावसाची उघडीप होती आणि हरमलच्या किनाऱ्यावर जाऊ ओल्या वाळूतून चालत होती, साडी घोट्याच्या वर धरून, भरभर. बरोबर वेंगुर्ल्याची. शेवटी दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि वाळूतच एक फेरी घेतली. मग व्हिडिओ संपला. पोरीने खाली लिहिलं होतं: काकी, प्रॅक्टिस!

मी तो तीनदा बघितला. तिच्या पायांकडे बघितलं, मग वेंगुर्ल्याचीच्या पायांकडे. वेंगुर्ल्याची काही वाईट नव्हती. लग्नानंतर दोनदा मला भेटली, दोनदा वाकून नमस्कार केला, दुसऱ्यांदा तर गुडघा कसा आहे म्हणून आपणहून विचारलं. तेच मला सहन झालं नाही. ज्या बाईची जागा घेतली तिच्या गुडघ्याची चौकशी करायची, हे फार सोपं आहे.

नवऱ्याने विचारलं, "काय बघतेस?"

"समुद्र."

श्रावणात मी दोन दिवसांसाठी पेडण्याला गेले. दर वर्षी जाते. चवथीची यादी आम्ही दोघी तेव्हाच करतो: माटोळीला काय कुठून आणायचं, गोड नेवऱ्या कधी तळायच्या, कोणाला आमंत्रण. मी व्यायाम चुकवत नाही, म्हणून पिशवी सामानात होती. जाऊ मला उतरवून घ्यायला बसस्टॉपवर स्कूटर घेऊन आली होती. माझी बॅग तिने पायांत ठेवायला उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"वयनी, काय गो ह्या? पाटो-वरवंटो हाडलंस?"

"कपडे आहेत. आणि व्यायामाची पिशवी."

घरी आल्यावर तिने माझी बॅग उघडली. विचारायची तिची पद्धत नाही. कपड्यांखालची हिरवी पिशवी तिने एका हाताने उचलायला बघितली, मग दोन्ही हात लावले. मग आत गेली, स्वतःची आणली. तेच हिरवं लुगडं, तेवढीच फुगलेली. एका हातात माझी, एका हातात तिची धरून ती माझ्यासमोर उभी राहिली, तराजूसारखी, आणि माझ्या बाजूचा खांदा खाली गेला.

"ह्येच्यात काय लोखंड भरलंस?"

"माती आहे. तूच सांगितलीस ना, रेव नाहीतर माती."

"खंयची माती?"

"परसातली. ह्यांनी भरून दिली."

मग तिने पिशवीच्या शिवणीतून चिमूटभर माती बाहेर काढली, दोन बोटांत चोळली आणि जनेलाकडे नेऊन उजेडात धरली. बोटं काळी-तांबडी, चमकायला लागली. टिपरवाल्याची भावजय ती, तिला ओळखायला वेळ लागला नाही.

मलाही नाही. त्याच क्षणी कळलं. आमच्याकडे, खाणीच्या पट्ट्यात, खनिजाला कोणी खनिज म्हणत नाही. माती म्हणतात. माती भरली, माती उतरवली, आज माती नाही, उद्या माती आहे, अशी वीस-बावीस वर्षं मी रोज रात्रीच्या जेवणावर ऐकली. नवऱ्याला माती म्हटलं की पेरूच्या झाडामागची तीच. दुसरी कुठली माती त्यांच्या लेखी माती नव्हतीच.

जाऊ भिंतीला धरून खाली बसली. मांडी घालून नव्हे, पाय पसरून, तेवढं भान होतं. आणि हसायला लागली. "अगे माजे आये! वयनी खाण पायाक बांधून फिरता!" तिची पोरगी धावत आली. तिला सांगता सांगता पुन्हा हसली. डोळ्यांतून पाणी. "माका म्हणता, जड लागता काय गो? आणि मी म्हणतंय कापूस!"

मी नवऱ्याला फोन लावला.

"तुम्ही पिशवीत कुठली माती भरलीत?"

"माती सांगितलीस, माती दिली. चांगली दिली, वरच्या प्रतीची. का, संपली?"

जाऊ हसत हसत फोन माझ्या हातातून घेऊन त्यांना काहीतरी बोलली आणि तिकडून तेही हसल्याचं ऐकू आलं. मी हसले नाही. मला इतकंच दिसत होतं की दोन महिने मी तिच्या जवळजवळ दीडपट उचलत होते, आणि तिचा हेवा करत होते.

मासळी तोलायच्या तिच्या काट्यावर दोन्ही पिशव्या टांगून झाल्या. मग म्हापशाच्या बाईंना फोन. बाईंनी विचारलं, "सूज किती दिवस आहे?" मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, उलट रागावल्या. सूज आली तेव्हाच का कळवलं नाही? मी खरं कारण सांगितलं नाही. म्हटलं, वाटलं उतरेल. त्यांनी वजन पूर्ण बंद केलं. शेकायचं नाही, बर्फ लावायचा, फक्त तुवाल्याचा व्यायाम आणि पाय सरळ उचलायचा, रिकामा. सूज उतरली तर शेवटच्या आठवड्यात हलकं वजन, तेही रेवेचं. आणि फुगडी?

"सूज असेल तर नाही. सूज गेली असेल तर उभी, थोडी. मांडी कशी आहे ते तुमची तुम्हाला कळेल."

चवथीला तीन आठवडेही उरले नव्हते. निघताना जावेने माझी पिशवी ठेवून घेतली आणि आपली रेवेची पिशवी माझ्या बॅगेत घातली.

"आणि तू?"

"माका काय, मी दुसरी शिवतंय. हय रेव काय कमी आसा?" मग म्हणाली, "वयनी, पयली फुगडी तुजी-माजी. त्या पोरीक मी सांगलंय. ता व्हिडिओ बगून तुज्या मनात काय इला काय?"

"छे," मी म्हटलं. "काय येणार?"

ती माझ्याकडे बघून हसली. तिला समजलं होतं. धाकटी असून तिला माझ्याबद्दल बरंच काही समजतं, आणि ते ती मला सांगत नाही. तिचा हेवा करायला हेही एक कारण आहे.

घरी आले. बर्फ, तुवालो, रिकामा पाय. पहिले काही दिवस रिकामा पाय वर गेला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी खालून उचलतंय. दोन महिने खनिज उचललेली मांडी होती ती. सूज हळूहळू पुरीची पापडी झाली, मग सकाळी दिसेनाशी झाली, संध्याकाळी थोडी उरली. नवरा रोज विचारायचा, "गाडी रस्त्यावर?" चवथीच्या आदल्या आठवड्यात रेवेची पिशवी बांधली. कापूस. जाऊ खोटं बोलली नव्हती.

चवथीच्या दिवशी आरती झाली. घंटा थांबली. बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. वेंगुर्ल्याची माझ्या जुन्या बांकाजवळ उभी होती, पदर खोचून. मी बघितलं, खोचला होता.

जाऊ मध्ये येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे हात केला. मी गेले. हातांची कात्री, पायाला पाय. तिची बोटं थंड होती, वाटण करून आली होती. आम्ही हळू सुरुवात केली. गुडघा आहे की नाही तेच कळत नव्हतं, सगळं काम वर मांडीत चाललं होतं. मी जरा मागे झुकले, ती झुकली. भार आला, आणि तो मी पेलला. मग वेग घेतला. माटोळी, गणपती, दिवा, बायका, एकामागून एक फिरून जायला लागलं. कोणीतरी ओरडलं, "बगा गो, थोरली बगा!"

जाऊ धापा टाकत म्हणाली, "वयनी, पुरे गो. थांब."

"आणखी एक."

"अगो सोड! तुज्या पायांत काय आसा?"

"माती," मी म्हटलं, आणि आणखी एक फेरी घातली.

उकिडवं बसायचं आमचं जे शेवटचं, ते आता कायमचं गेलं. आम्ही उभ्या उभ्याच थांबलो, एकमेकींच्या खांद्यांना धरून. ती हसत होती, मान मागे टाकून. मी ते नीट बघून घेतलं.

मग मी बांकाकडे बघितलं. वेंगुर्ल्याची टाळ्या वाजवत होती, पण तिचा चेहरा टाळ्यांबरोबर नव्हता. ओठ हसत होते, डोळे जावेच्या हातांवर होते. तो चेहरा कसा असतो ते मला त्या घरात कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. गेल्या वर्षी त्याच बांकावर तो माझा होता.

मी बाजूला झाले. घाई केली नाही. पाणी प्याले, पदर सारखा केला, तिला थोडं थांबू दिलं. मग म्हटलं, "ये गो, दुसरी तुझी."

ती धावत आली. मी बांकावर बसले, पाय समोर सरळ करून. पायाला काहीतरी लागलं. बघते तर जावेने बांकाजवळचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून माझी खनिजाची हिरवी पिशवी दाराला लावून ठेवली होती. मी ती पायाने थोडी माझ्या बाजूला ओढून घेतली. दार हळूच लागलं, आणि रिंगणात त्या दोघी फिरायला लागल्या.